मास्तरांच्या लोहचुंबकाचा सूड

मी एक जुना लोहचुंबक आहे, घोड्याच्या नालेएवढा. माझा लाल रंग कधीच उडाला, राग मात्र शाबूत आहे. मित्रांनो, ही त्या रागाचीच हकिगत.

चाळीस वर्षं मी एका शिंप्याच्या दुकानात टाचण्या वेचल्या. सगळे त्यांना मास्तर म्हणत. दुकान बंद करताना ते मला फरशीवरून फिरवत आणि कौतुकाने सांगत, की आजवर एकाही गिऱ्हाइकाच्या पायात टाचणी गेली नाही ती याच्यामुळे. अशी शाबासकी मिळाली की कोण थकेल?

मग मास्तरांना विस्मरणाचा आजार जडला. ते माणसं विसरू लागले, पण हात आपलं काम विसरले नाहीत. घरात सापडेल तो कपडा ते दुमडत आणि आतून टाचण्या लावून ठेवत. डॉक्टरांनी मेंदूचा स्कॅन करायला सांगितला. त्या यंत्रात माझा कैक पटींनी मोठा भाऊबंद बसलेला असतो, म्हणून आत जाणाऱ्याच्या अंगावर लोखंडाचा कणही चालत नाही. पहिल्या खेपेला मास्तरांच्या कॉलरीत टाचणी निघाली आणि त्यांना परत पाठवलं. थोरला मुलगा चारचौघांत त्यांच्यावर खेकसला, "यांना काही म्हणता काही कळत नाही!" घरी येऊन त्याने मला कचऱ्याच्या बादलीत भिरकावलं. मास्तर खाली मान घालून बसले होते. तेव्हाच मी ठरवलं, याला सोडायचं नाही.

धाकट्या मुलीने मला काढून पुसलं. पुढची तारीख दोन महिन्यांनी मिळाली होती. तीही हुकली असती तर उपचार आणखी लांबले असते, म्हणून तिने कंबर कसली. त्या यंत्राच्या अरुंद पोकळीत, मोठ्या खडखडाटात, न हलता पडून राहावं लागतं; म्हणून रोज ती मास्तरांना कापड बेतायच्या टेबलाखाली निजवायची आणि शेजारी शिलाई मशीन चालवायची. त्या खडखडाटात ते अगदी शांत पडून राहत.

ठरल्या दिवशी, कपडे बदलायच्या खोलीत, तिने मास्तरांची कवळी आणि घड्याळ काढलं. मला त्यांच्या अंगावरून फिरवलं. काही निघालं नाही. सोबतीला आत थोरला जाणार होता.

"मला नको तपासू. माझं डोकं ठिकाणावर आहे," तो म्हणाला.

मास्तरांनी मुलीच्या हातातून मला घेतलं, वाकले, आणि सवयीने त्याच्या पायांभोवती फिरवलं. मी जीव खाऊन ओढलं. त्याच्या पँटची दुमड येऊन मला चिकटली. यंत्र चालवणाऱ्या बाईंनी दुमडीतून चार टाचण्या काढल्या, त्याच्या तळहातावर ठेवल्या आणि त्याला बाहेर बसायला सांगितलं. धाकटी आत गेली. मी त्याच्या शेजारी बाकावर होतो. पँटचा एक पाय उलगडून लोंबता, सगळे बघतायत! मला गुदगुल्या होत होत्या.

अर्ध्या तासाने मास्तर बाहेर आले. जराही हलले नव्हते, फोटो स्वच्छ आले होते. थोरल्यासमोर ते थबकले आणि गुडघे टेकून खाली बसले.

"साहेब, पाय जरा पुढे घ्या. कुणी शिवलीय हो ही?"

"बाबा, मी आहे."

"हो हो साहेब, पाच मिनिटांत देतो."

थोरल्याने एकेक करून चारही टाचण्या त्यांच्या हातात दिल्या.

मित्रांनो, मला त्याची फजिती हवी होती. एवढी मोठी शिक्षा मी मागितली नव्हती, पण मला त्याची कीवही येत नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी चार शब्द गोड बोलायचे असतील, तर तुम्ही कोण हे त्याला ठाऊक आहे तोवरच बोलून घ्या. नंतर तुम्ही नुसतं गिऱ्हाईक.