दात घडवणाऱ्याचे कार्ड

सन दोन हजार तेवीस. त्या वर्षीच्या पावसाळ्यात मी जन्मात पहिल्यांदा आणि अखेरचे ऑटोत बसले.

मी एक जुनी सागवानी पेटी आहे, मित्रांनो. हातभर उंच, चार खणांची. माझ्यात दागिने नाहीत की कपडे नाहीत. माझ्यात माणसांच्या कामांची कार्डे आहेत.

मला एक्क्याण्णव साली नारायणगुड्याच्या एका सुताराने घडवले. माझी मालकीण अनुराधाबाई. लग्न होऊन पुण्याची ही मुलगी हैदराबादला आली आणि सरकारी रोजगार कार्यालयात कारकून झाली. पुढे ती नोकरी सोडून तिने हिमायतनगरला एका औषधाच्या दुकानावरच्या खोलीत टंकलेखनाचा आणि अर्ज भरण्याचा व्यवसाय मांडला. त्या काळी पुष्कळ लोक आखातात जात, नंतर ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाला जाऊ लागले. प्रत्येक देशाचा अर्ज विचारी, तुमचे काम कोणते? आणि प्रत्येक देशाचे कामांचे पुस्तक वेगळे, त्यात प्रत्येक कामाला एक आकडा.

मला घडवणारा सुतार हेच माझे पहिले कार्ड. तो सकाळी दारांच्या चौकटी बसवी आणि दुपारी कपाटे करी. पुस्तकांत मात्र ही दोन वेगळी कामे होती, वेगवेगळ्या आकड्यांची. अनुराधाबाईंनी त्याला विचारले, "तुम्ही नक्की कोण?" तो म्हणाला, "अम्मा, जो लकडी लाते, वो बताते मैं कौन." बाई हसल्या आणि त्याच्या नावाची दोन कार्डे केली.

तेव्हापासून त्यांची एक रीत पडली. समोरच्याला त्या हुद्दा विचारत नसत. "सकाळी कामावर गेल्यावर पहिल्यांदा हातात काय घेता?" असे विचारत. कुणी म्हणे थापी, कुणी म्हणे सुई, कुणी म्हणे रजिस्टर. त्यावरून कार्ड निघे. कार्डावर चार रकाने: आपला देश, जगाचे सामाईक पुस्तक, ऑस्ट्रेलिया, कॅनडा. आपला आकडा आठ अंकी, जगाचा चार, ऑस्ट्रेलियाचा सहा, कॅनडाचा आधी चार अंकी होता, मग पाच झाला. पुस्तक बदलले की बाई जुना आकडा एका रेघेने खोडत, पुसत नसत. मला त्या खोडलेल्या आकड्यांचा फार लळा होता.

मोठी गंमत शेजाऱ्यांची. एकच माणूस, पण प्रत्येक देशात त्याची पंगत निराळी. कृत्रिम दात घडवणारा आपल्याकडे कृत्रिम पाय घडवणाऱ्याशेजारी बसतो. ऑस्ट्रेलियात तो दात साफ करणाऱ्यांच्या पंगतीत जातो. कॅनडात दात घडवणारा वेगळा बसतो, आणि त्याच्या हाताखालचा मदतनीस मात्र दवाखान्यात खुर्चीजवळ उभ्या राहणाऱ्या मदतनिसाबरोबर.

याच कार्डापायी मी ऑटोत बसले.

तेवीस साली माझे दिवस फिरले होते. बाईंचा पुतण्या चिन्मय संगणक घेऊन बसे. माझ्यावर त्याचा चहाचा कप असे. एका सकाळी दिलसुखनगरहून अमरदीप नावाचा तरुण आला, बरोबर त्याची आई कोंडाबाई. कोंडाबाई परभणीकडच्या. तिशीत नवऱ्याबरोबर हैदराबादला आल्या आणि इथल्याच झाल्या. अमरदीपला कॅनडातल्या एका दंतप्रयोगशाळेचे बोलावणे आले होते. त्यांना दात घडवणारा हवा होता. बोलावण्याची मुदत महिनाअखेरपर्यंत, म्हणजे आठ दिवस.

"काम काय करता?" चिन्मयने विचारले.

"असिस्टंट आहे सर. आबिड्सला, प्रतापराव साहेबांच्या लॅबमध्ये." त्याने पत्र पुढे केले. पत्रातही तेच होते.

चिन्मयने शब्द टाकला, आकडा आला. "भाऊ, हा तर मदतनिसाचा कोड झाला. तुला बोलावलंय त्याला हा चालणार नाही."

"मग झालं," अमरदीप म्हणाला आणि पत्राची घडी घालू लागला. असे लवकर हार मानणारे लोक मी पुष्कळ पाहिले आहेत.

कोंडाबाई मात्र हलल्या नाहीत. त्यांनी पदर तोंडाशी नेला, आपली कवळी काढली आणि सरळ चिन्मयच्या टेबलावर ठेवली.

"हे कुनी केलं इचारा त्याला," त्या बोळक्या तोंडाने म्हणाल्या. "झाडू माराया लागला होता तिथं, हौ, खरं हाय. आता बारा वर्सं झाली. झाडू दुसराच मारतो, अन् हा सोताला अजून असिस्टंट म्हनतो. येडं."

"माय, उचल ना ते," अमरदीप कानापर्यंत लाल झाला.

"नक्को. लिहूद्या आधी."

पडद्यामागून अनुराधाबाई आल्या. त्यांनी कवळी रुमालावर घेतली, उजेडात फिरवून पाहिली. मग अमरदीपला विचारले, "सकाळी गेल्यावर पहिल्यांदा हातात काय घेतोस?"

"मेणाची सुरी, मॅडम. आधी मेणात दात बसवायचे, मग बाकीचं."

बाईंनी माझा तिसरा खण उघडला. दात घडवणाऱ्याचे कार्ड निघाले.

"काकू, मग टाकून देऊ ना टेक्निशियन," चिन्मय म्हणाला. "कोण बघतंय?"

"पत्रात एक आणि अर्जात एक लिहिलं की ते खोटं ठरतं. याच्या कपाळी खोट्याचा शिक्का बसला तर पुढचीही दारं बंद. पत्र बदलायला हवं. आणि तेही खरं."

"साहेब नाही देणार," अमरदीप हळूच म्हणाला. "मी दोनदा मागितलं."

तेव्हा बाईंनी अमरदीपला मला उचलून बरोबर यायला सांगितले. चिन्मय म्हणाला, एक कार्ड न्या, पेटी कशाला? बाई म्हणाल्या, "एक कार्ड पाहिलं तर त्यांना वाटेल मी कालच लिहून आणलं." ऑटोवाल्याने विचारले, "क्या है अम्मा, हार्मोनियम?" बाई म्हणाल्या, "उससे भी भारी."

आबिड्सला, लॅबच्या दुसऱ्या मजल्यावर प्रतापराव होते. सत्तरीचे, कडक इस्त्रीचे. बाईंचे यजमान शशिकांतराव यांच्या ओळखीचे.

"या वहिनी. हे काय, बिऱ्हाड घेऊन आलात?"

बाईंनी कार्ड पुढे ठेवले आणि सगळे सांगितले. प्रतापराव ऐकत राहिले. मग म्हणाले, "पंचेचाळीस वर्षं या शहरात प्रतापरावांच्या हातचे दात म्हणून लोक येतात. आता मी लिहून देऊ, की ते माझ्या हातचे नाहीत?"

"सकाळी आल्यावर तुम्ही पहिल्यांदा हातात काय घेता?"

"मी? किल्ली. मग फोन."

समोरच्या बाकावर अमरदीपची सुरी पडली होती. तिची मूठ एका अंगाने झिजलेली. प्रतापराव तिच्याकडे पाहत राहिले.

"डोळे गेले वहिनी," ते म्हणाले. "ऑपरेशननंतर बारीक दिसतच नाही. कुणाला सांगितलं नाही. आणि हा गेला तर मी दुकान कुणाच्या जोरावर उघडू?"

"साहेब, मी दोन पोरं तयार करून जातो," अमरदीप म्हणाला. "तुम्ही मला शिकवलं तसंच."

प्रतापरावांनी कोरा कागद घेतला. संगणकावर नको, म्हणाले. साचा ओतणे, मेणात दात बसवणे, घासणे, चकाकी देणे, असे एकेक काम त्यांनी आपल्या हाताने लिहिले. शेवटी लिहिले, "गेली नऊ वर्षे या प्रयोगशाळेतील सर्व दात हाच घडवतो." खाली सही केली आणि कागद डोळ्यांजवळ धरून दोनदा वाचला.

अर्ज मुदतीच्या दोन दिवस आधी गेला. मंजूर झाला.

आता सगळे पांगले आहेत. अमरदीप कॅनडात आहे. त्याच्या हुद्द्यात आता असिस्टंट हा शब्द नाही, पण फोनवर तो अजून तसेच म्हणतो आणि आईच्या शिव्या खातो. कोंडाबाई दिलसुखनगरातच राहतात. हिरड्या आकसल्याने कवळी सैल झाली आहे, पण दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. मुलगा येईपर्यंत भाकरी दुधात कुस्करून खातात. प्रतापरावांची प्रयोगशाळा चालू आहे. अमरदीपने शिकवलेली दोन मुले बाकावर बसतात, आणि कुणी दातांची तारीफ केली की प्रतापराव त्या मुलांची नावे सांगतात. चिन्मयने हिमायतनगरची खोली सोडली. मी त्याच्या घरी माळ्याखाली आहे. वरच्या खणात चार्जरच्या वायरी आहेत.

अनुराधाबाई या जानेवारीत गेल्या. मृत्यूच्या नोंदीचा अर्ज चिन्मयने माझ्यावर ठेवूनच भरला. व्यवसायाच्या रकान्यापाशी तो क्षणभरही थांबला नाही. त्याने "गृहिणी" लिहिले. वाईट मनाने नव्हे. त्याला दुसरे काही सुचलेच नाही. बत्तीस वर्षे ज्या बाईने हजारो माणसांना त्यांच्या कामाचे खरे नाव शोधून दिले, तिचे कार्ड माझ्या चारही खणांत नव्हते. आम्ही ते कधी केलेच नाही.

मित्रांनो, मला पॉलिश नको, वायरीही राहू द्या. पण शेवटच्या खणात, अगदी मागे, काही कोरी कार्डे शिल्लक आहेत. तुमच्यापैकी कुणीतरी एकदा खाली बसा आणि बाईंच्या नावाचे एक लिहा. रकाने आखलेले आहेत.