नीनाचा चुकवलेला घास

नार्दूच्या हातून आयुष्यात फारशी लबाडी झाली नव्हती. शेजाऱ्याच्या गडग्याचे दोन दगड रात्रीतून आपल्या बाजूला सरकवण्याइतपत झाली असेल, पण ती माल्टाजवळच्या गोझो बेटावर लबाडीत धरत नाहीत. त्या पहाटे मात्र त्याने जे केलं ते करताना त्याने दोनदा मागे वळून पाहिलं.

त्याने नीनाला घास दिला नाही.

नीना म्हणजे घरातली फेरेट. मुंगसाच्या अंगलटीची, पिवळट पांढरी, गळ्यात घुंगरू. तिला बिळात सोडलं की आतले ससे जीव घेऊन बाहेर पळतात आणि बिळाच्या तोंडाला लावलेल्या जाळीत येऊन पडतात. पण सोडण्याआधी तिला दूधपावाचे दोन घास चारायचे, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. उपाशी फेरेट ससा बाहेर हाकलत नाही. आतच मारते, पोटभर खाते आणि त्याच्याच उबेला झोपून जाते. मग बसा बिळाशी माश्या मारत. फेरेटला बिळात टाकून घरी आलेला माणूस त्या गावात कुणी पाहिला नव्हता, आणि पाहिला असता तर त्याला पुन्हा कुणी रामराम घातला नसता.

नार्दूला नेमकं तेच हवं होतं. त्याचा मुलगा विस्तिन आज ऑस्ट्रेलियाला निघाला होता. दुपारी इम्जारच्या धक्क्यावरून होडी, संध्याकाळी माल्टाहून मोठं जहाज. होडी चुकली की जहाज चुकलं. जहाज चुकलं की पुन्हा कागदपत्रं, पुन्हा डॉक्टर, पुन्हा रांगा. त्यात वर्ष निघून जाईल आणि वर्षभरात पोराचं मन फिरेल. एखादी मुलगीही आवडेल, कोणी सांगावं. नीनाला विस्तिनने डोळे न उघडलेली असल्यापासून कापसाच्या बोळ्याने दूध पाजून वाढवलं होतं. ती आत अडकली तर तो हलणार नाही, याची बापाला खात्री होती.

फिलुमेना, त्याची बायको, रडून मोकळी झाली होती. ती चुलीशी रडली, विहिरीवर रडली, चर्चमध्ये तर शेजारच्या बायकांना जपमाळ ओढता येईना इतकी रडली. "जाऊ नकोस रे राजा," हे ती पोराला उठता बसता सांगत होती. नार्दूच्या तोंडाला मात्र कुलूप. बापाने मुलाची मनधरणी करायची म्हणजे काय? त्याच्या बापाने त्याला कधी ये म्हटलं नव्हतं की जा म्हटलं नव्हतं. तो आदल्या संध्याकाळी एवढंच म्हणाला, "जायच्या दिवशी घरात ससा शिजला पाहिजे. सकाळी दोघं जाऊन येऊ."

"बाराच्या घंटेच्या आत पोराला घरी आणा म्हणजे झालं," फिलुमेना म्हणाली. "ससा नाही मिळाला तर मी अंडी तळीन."

कड्यांच्या बाजूचा सडा म्हणजे नुसता कातळ. पाऊल टाकावं तिथे भेग, भेगेत रानओव्याची झुडपं, आणि मधूनमधून कोणाच्या तरी पणजोबाने रचलेले सुक्या दगडांचे गडगे. हमरा, त्यांची तांबडी कुत्री, उभे कान वाऱ्यावर धरून पुढे चालली होती. तिच्या मागे विस्तिन, मागे नार्दू. नीनाची पेटी रोज विस्तिनच्या खांद्यावर असायची. आज ती नार्दूने उचलली होती.

वाटेत काल्चिदोन बकऱ्या घेऊन भेटला. हा माणूस दुसऱ्याच्या घरचं दुःख दिसलं की तिथे हटकून थट्टा करायचा.

"काय नार्दू, ऑस्ट्रेलियाला ससे पाठवतोयस का? अरे, तिकडे म्हणे सशांची टोळधाड आहे. शेतंच्या शेतं खातात. लोक मारून फेकून देतात."

"फेकून देतात?" नार्दू म्हणाला. "तुला कोणी सांगितलं?"

"तिकडे राहून आलेला मामा सांगत होता आबा, खरं आहे," विस्तिन म्हणाला.

"ससा फेकून देणारी माणसं!" नार्दू थुंकला. "तसल्यांत राहायला निघालास तू."

विस्तिनने चटकन वळून बापाकडे पाहिलं. तो काही तरी ऐकायला थांबल्यासारखा वाटला.  पण नार्दूने हमराला शीळ घातली आणि तो पुढे निघाला.

जुन्या गडग्याखालच्या बिळाशी हमरा थांबली. जाळ्या लागल्या. विस्तिनने नीनाला पेटीतून काढून तिच्या नाकाला नाक लावलं. तिच्या तोंडाला दुधाचा वास नाही हे त्याला कळेल, असं नार्दूला वाटलं. पण पोराचं लक्ष नव्हतं. त्याच्या डोक्यात जहाज होतं. त्याने तिला आत सोडलं. घुंगरू वाजत वाजत खाली गेलं. मग जमिनीच्या पोटात धप्प असा आवाज झाला, एक किंकाळी उठली, आणि सगळं गप्प झालं.

"मारला तिने," विस्तिन म्हणाला. "असं कधी करत नाही ही."

"येईल," नार्दू म्हणाला.

ती आली नाही. ऊन चढलं. विस्तिन बिळाच्या तोंडाशी पालथा पडून हाका मारत होता, "नीना, ये गं, ये माझी बाय." मग तो हातांनी दगड उपसायला लागला. त्याची नखं फुटली. पोटच्या पोराची बोटं रक्ताने भरलेली पाहून नार्दूने मान फिरवली.

हमरा तेवढ्यात गडग्याच्या पलीकडे गेली होती. नार्दू तिच्या मागे गेला. एका चपट्या दगडाशी ती उभी होती: मान तिरकी, कान जमिनीकडे, पुढचा एक पाय उचललेला. म्हणजे नीना तिथेच होती. दगड उचलायचा आणि हात घालायचा, एवढंच काम. त्या सड्यावर पाद्र्याशी वाद घालणारे लोक सापडतील, पण ससे हुडकणाऱ्या कुत्र्याशी कोणी घालत नाही. कुत्र्याने पाय उचलला की बोलणं संपलं.

"चल हट," नार्दू हळूच म्हणाला.

हमरा हलली नाही. त्याने तिची मानगूट धरून ओढली. ती सुटून परत त्याच दगडाशी आली, तसाच पाय उचलून उभी राहिली आणि त्याच्याकडे बघायला लागली, याला झालंय काय अशा नजरेने. गावातून बाराची घंटा ऐकू आली. फिलुमेना आता दारात उभी असणार. नार्दूने खाली वाकून हाताशी आलेला एक छोटा दगड उचलला आणि हमराला मारला. तिच्या अंगावर त्याने कधी चापटही उगारली नव्हती. ती केकाटली, लंगडली, आणि पुन्हा पाय उचलून तिथेच उभी राहिली.

"आबा?"

विस्तिन गडग्यावर उभा होता.

"काही नाही तिथे," नार्दू म्हणाला. "म्हातारी झाली ही. भलतंच दाखवते."

विस्तिनने कुत्रीकडे पाहिलं. मग बापाकडे पाहिलं. ज्या माणसाने हमराच्या शब्दाखातर सख्ख्या भावाशी भांडण केलं होतं, तो माणूस हे बोलत होता. विस्तिन खाली उतरला, त्याने चपटा दगड उलथला आणि भेगेत खांद्यापर्यंत हात घातला. नीना बाहेर आली ती झोपेतच, तोंड रक्ताने माखलेलं, पोट तट्ट फुगलेलं.

त्याने ते पोट अंगठ्याने चाचपलं.

"सकाळी घास दिला नव्हता हिला."

"विसरलो."

"तुम्ही? विसरलात?"

नार्दू कातळाकडे बघत राहिला. 

"महिनाभर वाट बघितली मी," विस्तिन म्हणाला. आवाज चढवायचा त्याचा स्वभाव नव्हता. "जेवताना, बकऱ्या सोडताना. आज इथे येतानाही. आई रोज म्हणते, तिचं मला माहीत आहे. म्हटलं, आबा एकदा तरी म्हणतील."

"काय म्हणायचं?"

"तुम्हाला ठाऊक आहे."

"म्हटलं असतं तर राहिला असतास?"

विस्तिनने नीनाच्या तोंडावरचं रक्त बाहीने पुसलं. खोटं बोलणं त्या वेळी सोपं होतं, आणि कदाचित पुण्याचंही ठरलं असतं.

"नाही," तो शेवटी म्हणाला. "जायचं तर होतंच आबा. इथे दगडांखेरीज माझ्यासाठी काय आहे? पण तेवढं सोबत नेता आलं असतं."

त्याने झोपलेली नीना बापाच्या ओंजळीत ठेवली. मग वाकून, तिथल्या मुलांनी निघताना करायचं असतं तसं, त्या हाताला ओठ लावले. नार्दूचे दोन्ही हात गुंतलेले होते. पेटी पायाशीच होती. नीनाला तिच्यात ठेवून पोराला कवेत घेता आलं असतं, पण हे त्याला सुचलं नाही, आणि पुढे मरेपर्यंत त्याला त्याचंच वाईट वाटत राहिलं.

"धक्क्यावर येताय ना?"

"तू हो पुढे. हिला ठेवतो आणि आलोच."

विस्तिनने क्षणभर त्याचं कोपर दाबलं आणि तो पळत सुटला. कातळावरून कातळावर उड्या मारत, लहानपणी मारायचा तशा. हमरा लंगडत त्याच्या मागे निघाली.

नार्दू उभाच राहिला. त्याला माहीत होतं, तो धक्क्यावर जाणार नाही. तिथे सगळा गाव असेल, फिलुमेना असेल, आणि तिच्यासमोर पोराच्या डोळ्याला डोळा द्यायची हिंमत त्याच्यात उरली नव्हती. विस्तिन एक गडगा ओलांडून गेला, मग दुसरा. शेवटी उतारावर त्याचा नुसता सदरा दिसत होता, मग तोही दिसेना. वारा गावाकडून समुद्राकडे वाहत होता. आता हाक मारली तरी ती त्याच्यापर्यंत पोचणार नव्हती.

"थांब," नार्दू म्हणाला.

आवाज आपला आहे असं त्यालाच वाटलं नाही. मग छाती फुटेल इतक्या जोराने तो ओरडला, "थांब रे, थांब!"

खाली वाटेवर, मागे पडलेल्या हमराने तो शब्द ऐकला. ती जिथल्या तिथे बसली आणि पुढचा हुकूम कधी येतो म्हणून मागे वळून त्याच्याकडे बघत राहिली.