दोघांत एक हेडफोन

मित्रांनो, नवघरच्या एका तिसऱ्या मजल्यावरच्या घरात, दारामागच्या खुंटीला छत्रीशेजारी एक काळा हेडफोन लटकलेला असतो. तो मी. आज माझ्याकडे बघून कोणाला पटणार नाही, पण एके काळी मी फार देखणा होतो हो! कानावर बसणाऱ्या माझ्या गाद्या लोण्यासारख्या मऊ होत्या. आता त्यांची सालपटं निघतात आणि मला घातलं की गालाला काळे कपटे चिकटतात. संपदाची आई मला बघितलं की करवादते, "अगं, टाक ना ते भंगारात. कान खराब होतील." संपदा ऐकून न ऐकल्यासारखं करते. ती मला टाकत नाही. त्यामागची गोष्ट दुःखाची आहे, पण सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला धड आठवत नाही. वायर जोडली, खोक्यात कोंबलं, एवढंच लक्षात आहे. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते संपदाने पहिल्या पगारातून मला घरी आणलं तेव्हा. खोकं उघडलं मात्र, तिचा धाकटा भाऊ यतीन याने झडप घातली.

"आधी मी ऐकणार!"

"हात तर लावून बघ!"

दोघांची अशी जुंपली की आई स्वयंपाकघरातून ओरडली, "मिळून ऐका, नाहीतर दुकानात परत देऊन या." माझ्या दोन्ही वाट्या बाहेरच्या बाजूला वळतात. मग काय, दोघं खिडकीजवळच्या पलंगावर डोक्याला डोकं टेकून बसली. डावी वाटी संपदाच्या कानाला, उजवी यतीनच्या. त्या दिवसापासून तीच वहिवाट पडली.

संपदा मीरा रोडला एका ऑफिसात नोकरी करायची, पण तिचा जीव गाण्यांत. सिनेमातल्या गाण्यांत नव्हे बरं का. ज्यांच्या पाठीशी कुठलीही कंपनी नाही, जे स्वतःच गाणी लिहितात, स्वतःच वाजवतात आणि स्वतःच लोकांपुढे आणतात, अशा नव्या पोरापोरींचे रॉक बँड शोधून काढायचं तिला वेड होतं. कोणी नाशिकच्या गच्चीवर वाजवणारे, कोणी कोल्हापूरच्या हॉस्टेलातले, कोणी पार शिलाँगचे. शुक्रवारी नवी गाणी बाहेर पडायची. शनिवारी संध्याकाळी बहीणभाऊ ती माझ्यातून ऐकायचे आणि रविवारी सकाळी संपदा मोबाइलसमोर बसून सांगायची की या आठवड्यात कोणाचं गाणं अजिबात चुकवू नका. कार्यक्रमाचं नाव होतं 'नवं काय वाजतंय?'. सुरुवातीला तिच्या मावश्या आणि मैत्रिणीच तो बघायच्या. हळूहळू अनोळखी माणसं बघू लागली. "ताई, तुम्ही सांगितलेला बँड एक नंबर निघाला" असं कोणी लिहिलं की ती खुशीत माझ्या पाठीवर टिचकी मारायची. त्या दिवसांत माझा केवढा मान होता! मला कापडी पिशवीत ठेवायचे, माझी वायर हळुवार गुंडाळायचे. घरात मलाच सगळ्यांत जास्त जपत असत.

दोघांचा एक नियम होता. गाणं चालू असताना बोलायचं नाही. एकाच्या मताने दुसऱ्याचं मत बिघडायला नको. गाणं संपलं की फक्त मान हलवायची. दोघांचीही मान 'हो' म्हणाली तर रविवारी त्या बँडचं नाव घ्यायचं, नाहीतर गप्प बसायचं. "पोरं जीव ओतून गातात. आपण कोण त्यांना नावं ठेवणारे?" असं संपदा म्हणायची. आणि बहुतेक गाण्यांत गाणाऱ्याचा आवाज माझ्या दोन्ही वाट्यांत सारखाच येतो. त्यामुळे एक वाटी हिला आणि एक त्याला, यात कधी कोणाचं काही बिघडलं नव्हतं. मीही निश्चिंत होतो.

मग प्रणितचं गाणं आलं.

प्रणित म्हणजे संपदाचा कॉलेजातला मित्र. राहायला उत्तनजवळच्या पालीत, मासेमारी करणाऱ्यांच्या घरातला. आवाज असा की तो जिन्यात गुणगुणायला लागला की शेजारपाजारची दारं उघडायची. त्याने दोन मित्रांना घेऊन बँड काढला होता. नाव 'डोलकाठी'. गाणार प्रणित, गिटार भाविकाची, ड्रम रामूचे. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. त्या दिवसांत तिघांनी जाळी ठेवायच्या खोलीत बसून आपलं पहिलं गाणं रेकॉर्ड केलं. कुठून तरी दोन माईक मागून आणले होते. एक घेऊन प्रणित शेजारच्या खोलीत दार लावून उभा राहिला, दुसरा गिटार आणि ड्रमच्या मध्ये ठेवला.

गाणं यायच्या आधी त्याचा फोन आला. माझ्या वायरीला बोलायचा छोटा माईक आहे, त्यामुळे ते सगळं बोलणं माझ्यातूनच झालं.

"संपदा, आवडलं तर बोल, आणि न्हाय आवडलं तरी बोल. मला तोंडावर सांग. बाबा बोलले, पुनवेला नारळ सोडला की होडी निघंल. तवर गाण्याचं काय जमलं तर गा, न्हायतर गुमान बोटीवर ये. मी दुसऱ्या कुणाला इचारणार न्हाय. तू सांगशील ते."

"अरे, एवढं माझ्यावर नको टाकूस," संपदा म्हणाली. पण मला ठाऊक आहे, ती मनातून सुखावली होती. आणि मनोमन तिने ठरवलं होतं की ओळखीचा आहे म्हणून वशिला लावायचा नाही. उलट त्याचं गाणं जरा कडकच कान करून ऐकायचं.

शनिवारी दोघं नेहमीसारखी बसली. गाणं सुरू झालं आणि माझ्या काळजात धस्स झालं. मित्रांनो, त्या नवशिक्या पोरांनी दोन माईकवरचं दोन बाजूंना तसंच्या तसं ठेवून दिलं होतं! सगळी गिटार आणि सगळे ड्रम माझ्या डाव्या वाटीत. प्रणितचा अख्खा आवाज माझ्या उजव्या वाटीत. संपदाच्या कानात नुसतं वाजवणं, मध्येच थांबणारं, वाट बघितल्यासारखं. यतीनच्या कानात नुसता गळा, मागे वाद्य म्हणून नाही. मी काय करणार हो? मला सगळं ऐकू येतं, पण स्वतःचं म्हणून एक अक्षर बोलता येत नाही. एकदा तरी वाट्यांची अदलाबदल करा रे, असं मी आतल्या आत ओरडत होतो. गाणं संपलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनीही 'नाही' अशी मान हलवली.

"अपुरं वाटलं ना?" संपदाने हळूच विचारलं.

"एकदम अपुरं," यतीन म्हणाला. "काहीतरी राहूनच गेलंय."

झालं! दोघांचं एकमत झालं. संपदाला वाटलं, प्रणितने या गाण्यात मुद्दामच नुसतं वाजवायचं ठरवलंय; यतीनला वाटलं, मुद्दामच वाद्यांशिवाय गायलंय. काय राहून गेलं ते एकीने सांगितलं नाही आणि दुसऱ्यानेही विचारलं नाही.

संपदाने त्याच संध्याकाळी प्रणितला फोन लावला.

"प्रणित, राग मानू नकोस हां. तू मित्र आहेस म्हणून खोटं नाही बोलणार. गाणं अपुरं वाटतंय रे. मलाही आणि यतीनलाही."

पलीकडे लांबून कोणीतरी कोणाला तरी हाक मारत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

"बरं," तो शेवटी म्हणाला.

"अरे, पुढच्या गाण्याला आपण..."

"बरं गं. ठेवतो. आई बोलावतेय."

देवा! त्याने एकदा, एकदाच 'काय अपुरं हाय?' असं विचारलं असतं, तर ती म्हणाली असती की अरे, तुझा आवाजच नाही त्यात. मग तो पोट धरून हसला असता, तिची खरडपट्टी काढली असती, आणि सगळं जागच्या जागी निस्तरलं असतं. पण त्याला वाटलं, जिला गाण्यातलं कळतं ती बोलली, म्हणजे आपल्यातच खोट आहे. आणि तिला वाटलं, त्याने समजूतदारपणे घेतलं. पुढच्या पुनवेला नारळ दर्यात गेला आणि प्रणित वडिलांच्या होडीवर गेला.

काही महिन्यांनी यतीनला पुण्यात नोकरी लागली. तो गेला आणि घर सुनं झालं. शनिवारी संपदा एकटीच खिडकीशी बसू लागली. आता माझी वाटी वळवून धरायची गरज उरली नव्हती. तिने मला सरळ डोक्यावर चढवलं. नवी गाणी ऐकून संपली, तरी मोबाइलवर आपोआप एकामागून एक काही ना काही लागत राहिलं. ती खिडकीतून खालच्या भाजीवाल्याकडे बघत बसली होती. आणि त्यात 'डोलकाठी'चं ते गाणं लागलं.

गाणं होतं परत न आलेल्या होडीचं. प्रणित उजवीकडून विचारतो, कधी येशील? मग तो थांबतो. डावीकडून भाविकाची गिटार उत्तर देते, अगदी हलकेच, तीही अर्ध्यावर अडखळते. मग पुन्हा तो विचारतो. शेवटी शेवटी गिटार उत्तर द्यायची थांबते आणि तो एकटाच विचारत राहतो. मित्रांनो, माझ्यातून हजारो गाणी गेली. पण त्या गाण्याने माझ्या तारासुद्धा थरथरल्या. संपदा ताडकन उठली. माझी वायर खसकन ओढली गेली, पण तिला भान कुठे होतं? तिने तसाच यतीनला फोन लावला.

"यतीन, डोलकाठीच्या गाण्यात तुला गिटार ऐकू आली होती?"

"कुठली गिटार? नुसता तो गात होता. म्हणून तर मी नाही म्हटलं."

"मला त्याचा आवाजच नव्हता आला रे!" ती रडायलाच लागली. "अर्धं तू ऐकलंस, अर्धं मी ऐकलं, आणि त्याला म्हणालो अपुरं!"

यतीन म्हणाला, "ताई, तू जा त्याच्याकडे. उद्याच जा."

ती गेली. मला पिशवीत घालून गेली. पालीच्या त्या चिंचोळ्या गल्लीत गाड्या चुकवत चुकवत ती प्रणितच्या दारात पोहोचली. त्याची आई, इंदुबाई, ओट्यावर मासळी निवडत बसली होती.

"कोन, संपदा ना गो तू? ये, बस. पोरगा हाय आत. आताशा लय गप असतो. पयले दिसभर गायचा, मी ओरडायची, आता बस कर रं. आता वाटतं, गा बाबा कायतरी."

प्रणित बाहेर आला. हात सोलवटलेले, चेहरा उन्हाने रापलेला. संपदाने एका दमात सगळं सांगून टाकलं. तो आधी हसला. मग त्याचं हसू विरलं.

"म्हंजे माझा आवाज तुझ्या कानावर आलाच न्हाय?"

"नाही रे. एक शब्दसुद्धा नाही."

"तू ऐकशील म्हणून तर गायलो होतो मी," तो म्हणाला, आणि तोंड फिरवून उभा राहिला.

संपदा रडत होती. "परत गा ना. मी सगळ्यांना सांगते. माझी चूक होती हे ओरडून सांगते."

"कुणासंगं गाऊ? भाविका नोकरीला सुरतेला गेली, रामू जहाजावर गेला. आणि खरं सांगू? मी गायला बसलो की तुझं ते 'अपुरं' आठवतं. मग गळ्यातून आवाजच निघत न्हाय."

तिने मला पिशवीतून काढून त्याच्यापुढे धरलं. "निदान एकदा ऐक तरी. किती सुंदर झालंय ते."

त्याने मला हातात घेतलं. त्याच्या हाताला खारा वास होता. त्याने माझ्या गादीवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आता घालेल डोक्यावर. पण त्याने मला परत तिच्या हातात दिलं. "नको गं. इथं वारा हाय. काय ऐकू येणार न्हाय."

त्या रविवारी संपदाने कार्यक्रमात दुसऱ्या कोणाचंच नाव घेतलं नाही. तिने आपली चूक जशी घडली तशी सांगितली आणि हात जोडून म्हणाली, "हे गाणं ऐका." लोकांनी ऐकलं. किती ऐकलं! कोणी पुण्याहून लिहिलं, कोणी गोव्याहून, की डोळ्यांत पाणी आलं. पण जवळजवळ प्रत्येकाने खाली एकच विचारलं, "यांचं पुढचं गाणं कधी येणार?" संपदा ते वाचायची आणि मोबाइल पालथा ठेवायची. प्रणितने सगळं पाहिलं असावं. त्याने खाली नुसता एक अंगठा दाखवला.

अजूनही दर शनिवारी ती मला घालते आणि नव्या बँडची गाणी आधी दोन्ही कानांनी ऐकते. एखादं पटलं नाही तर त्या पोरांना स्वतः फोन करून विचारते की तुम्हांला काय करायचं होतं? तिने सांगितलेले कितीतरी बँड आज मोठे झाले. पण 'डोलकाठी'चं नाव त्यांत नाही, आणि ते कधी येणारही नाही. हे तिलाही कळतं आणि मलाही कळतं.

मित्रांनो, मला जपा, माझी वायर ओढू नका, असं मी तुम्हांला सांगणार नव्हतोच. माझ्यासारखे हेडफोन दुकानात ढिगाने मिळतात. पण तुमच्या ओळखीचं कोणी जीव ओतून काही केलं आणि ते घेऊन तुमच्याकडे आलं, तर त्याचं सगळं ऐकून घ्या. नाहीच आवडलं तर काय आवडलं नाही ते नीट सांगा, आणि तो गप्प बसला तर त्याला फोन ठेवू देऊ नका. प्रणितने ठेवला तेव्हा संपदाने ठेवू दिला. त्यानंतर तो पुन्हा कधी गायला नाही.