खोडण्याचा अधिकार सगळ्यांना

मित्रांनो, माझा पांढरा रंग आता पिवळा पडला आहे. वर्ध्याच्या एका कचेरीतला मी जुना संगणक. १९८८ साली आलो तेव्हा माझ्यापुढे नारळ फुटला होता आणि लोक चपला काढून माझ्या खोलीत येत.

माझ्यावर काम करायच्या शोभाबाई. पुरात घरे गेलेल्या चारशे कुटुंबांची यादी त्यांनी माझ्यात भरली. या लोकांना नवे प्लॉट मिळायचे होते. यादी कोणी पाहावी, कोणी बदलावी, कोणी खोडावी, हे अधिकार मला सांगून ठेवावे लागतात. मला बसवायला आलेले साहेब घाईत होते. त्यांनी सगळे अधिकार सगळ्यांना देऊन टाकले आणि नागपूरची गाडी पकडली.

प्लॉट वाटून झाल्यावर अल्लीपूरकडच्या रुख्माबाई आल्या.

"मायं नाव काऊन नाई पुकारलं, बाई? तुमीच तं लिवलं होतं माया समोर!"

शोभाबाईंनी यादी दोनदा पाहिली. नाव नव्हते. कोणीतरी ते खोडायला सांगितले होते आणि मी मुकाट्याने खोडले होते. कोणी सांगितले, याची नोंद ठेव असे मला कोणी शिकवलेच नव्हते. विचारल्याशिवाय मला बोलताही येत नाही.

ठपका शोभाबाईंवर आला. तीन दिवस त्या माझे जाडजूड इंग्रजी पुस्तक उलटत बसल्या. चौथ्या दिवशी त्यांनी नेमके विचारले: या यादीवर कोणाकोणाचे अधिकार आहेत? मी पडद्यावर उत्तर दिले. पाहणे, भरणे, बदलणे, खोडणे: सर्वांना.

हेडक्लार्क प्रभाकरराव वाकून वाचत राहिले. "म्हणजे हे कोनीबी करू शकत होतं?"

"हो, साहेब. मी, तुम्ही, कोणीही," शोभाबाई म्हणाल्या.

शोभाबाईंनी त्याच दिवशी एकेक अधिकार काढून घेतला. त्यांच्यावरचा ठपकाही मिटला.

रुख्माबाईंचे नाव पुन्हा भरले गेले. पण तोवर सगळ्या प्लॉटांवर पाये खोदून झाले होते. त्यांना वाचता येत नव्हते. त्यांनी माझ्या काचेवर बोट टेकवले.

"हे मी हाय का?"

"हो, तुम्हीच," शोभाबाई म्हणाल्या.

"मंग जागा?"

मी नुसता त्यांचे नाव दाखवत राहिलो.

मित्रांनो, कोणाला काय काय करू दिले आहे, हे आम्हाला अधूनमधून विचारत जा. आम्ही खरे तेच सांगू. फक्त जागा वाटून होण्याआधी विचारा.