दौलतरावांचे तीन तास दहा मिनिटं

मी टायमर बोलतोय. बसा लवकर, मला रेंगाळणारी माणसं बघवत नाहीत. 'पाच मिनिटांत येते' म्हणून अर्ध्या तासाने उगवायचं आणि वर 'ट्रॅफिक होता गं' म्हणायचं, ही तुमची तऱ्हा मी पुरती ओळखून आहे.

मी कुठल्या कारखान्यात जन्मलो कोण जाणे. डोळे उघडले ते लोहार चाळीच्या बाजारात, एका टोपलीत, शंभर भावंडांच्या गर्दीत. प्रभादेवीच्या नम्रताच्या आईने मला केकसाठी घेतलं. दोन केक झाले, दोन्ही खाली बसले, आणि मी फ्रिजच्या दाराला चिकटून नुसता तडफडत राहिलो. मोजायला काही नसलं की मला जीव नकोसा होतो. शेवटी नम्रताने मला नाडी बांधली, गळ्यात अडकवलं आणि परळच्या तिच्या प्रयोगशाळेत नेलं. तिथे मात्र क्षणाची उसंत नाही. मी खूश!

नम्रता मेंदूवर संशोधन करते. विचार करणाऱ्या पेशी म्हणजे न्यूरॉन. त्यांना खाऊपिऊ घालणाऱ्या, त्यांचा कचरा काढणाऱ्या त्या ग्लियल पेशी. शास्त्रज्ञ पूर्वी ग्लियांना निव्वळ डिंक समजायचे. घर चालवणाऱ्या बाईला 'ही घरीच असते' म्हणतात ना, तसंच. मग उंदरांच्या मेंदूत कळलं, की ग्लियांच्याच गोतातल्या काही पेशींपासून मोठेपणीही नवे न्यूरॉन जन्मतात. माणसाच्या मेंदूत जन्मतात का? त्यावर विद्वानांची अजून जुंपलेली आहे. कारण नव्या न्यूरॉनची खूण फार नाजूक. माणूस गेला की काही तासांत पुसट होऊ लागते. म्हणून मेंदू लवकरात लवकर औषधात बुडवायचा. तास कोण मोजणार? अहो, मीच!

दौलतराव गमरे आम्हाला भेटले नायगावच्या बुद्धविहारात. नम्रताचं तिथे भाषण होतं. गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी करून निवृत्त झालेले, बहात्तर वर्षांचे गृहस्थ. उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, मी सत्तरीत पाली शिकायला लागलो. रोज नवी गाथा पाठ करतो. ती आत बसते कुठे? जुन्याच खोलीत कोंबतोय, की आत नवी खोली निघते?"

सगळे हसले. नम्रता हसली नाही. "माहीत नाही, काका. तेच शोधतेय."

"मग मी गेल्यावर माझा मेंदू घ्या. पण उत्तर घरी येऊन सांगायचं."

त्यांनी तिथल्या तिथे फॉर्म भरला. पत्नी रखमाबाईंनी सही केली, पण कपाळावर आठी होतीच. नम्रताने त्यांना बजावलं, "काकी, वेळ आली की लगेच फोन करायचा. एक मिनिटही दवडायचं नाही."

दीड वर्षाने फोन आला. "गेले गं. आत्ता, साडेपाचला." नम्रताने माझं बटण दाबलं. काय ती धावपळ! लालबागची चाळ, डॉक्टरांचा दाखला, गाडी, शवागार. डॉक्टरांनी रखमाबाईंनी सांगितली तीच वेळ लिहिली. आठ चाळीसला मेंदू औषधात बुडाला. तीन तास दहा मिनिटं! इतका ताजा नमुना आमच्याकडे कधी आलाच नव्हता. मी छाती फुगवून बसलो.

मग काही महिने नुसतं काप काढणं, रंगवणं, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणं. ग्लिया दिसल्या, फांद्या पसरून बसलेल्या. नवा न्यूरॉन? एकही नाही. नम्रताचे मार्गदर्शक हितेंद्र सर म्हणाले, "एवढ्या ताज्या मेंदूत नाही म्हणजे नाहीच. म्हातारपणी नवे न्यूरॉन होत नाहीत, असं शोधनिबंधात लिही. सोमवारी पाठवून टाकू."

शनिवारी नम्रता दिलेला शब्द पाळायला लालबागला गेली. मी नेहमीप्रमाणे गळ्यात.

"काकी, काकांच्या मेंदूत नवी पेशी सापडली नाही. एकही."

रखमाबाईंनी चहाचा कप खाली आदळला. "एकही नाही? अगं, गेले त्या सकाळी नवी गाथा घडाघडा म्हणून दाखवली मला! आणि तू लिहिणार, यांच्या डोक्यात नवं काही नव्हतंच?"

"तीन तासांत आणलेला मेंदू होता, काकी. त्याहून खात्रीचं काय असणार?"

"तीन तास नव्हते ते." रखमाबाईंनी पदर तोंडाला लावला. "दुपारी सव्वा वाजता गेले. जेवले, आडवे झाले आणि गेले. तुझा नंबर हातात होता, बाय. पण फोन केला असता तर तू आली असतीस, अख्खी चाळ आली असती. या दहा बाय बाराच्या खोलीत पन्नास वर्षं संसार केला. सासू, दीर, पोरं. कधी दार म्हणून लावता आलं नाही. त्या दिवशी लावलं. शेजारीण ठोठावून गेली, तिला म्हटलं, झोपलेत. आणि बसले त्यांच्याशी बोलत, साडेपाचपर्यंत. चुकलंच माझं. पण त्याची शिक्षा त्यांना नको गं."

सात तास पंचवीस मिनिटं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या आकड्यावर मी मिरवत होतो तोच खोटा. बटण दाबल्यापासूनचं मी मोजतो. त्याआधी बंद दाराआड काय झालं, मला काय ठाऊक?

सोमवारी हितेंद्र सर वैतागले. "दाखल्यावर साडेपाच आहे ना? मग साडेपाच. म्हातारीचं काय धरून बसतेस? मार्चमध्ये तुझी फेलोशिप संपतेय, विसरू नकोस."

तरी नम्रताने नोंदवहीतलं 'साडेपाच' खोडलं. "सर, त्या पेशी नव्हत्याच की पुसून गेल्या, मला माहीत नाही. मग 'नाहीत' असं कसं लिहू?"

शोधनिबंध गेला नाही. फेलोशिप मात्र गेली. आता ती सकाळी दादरला क्लासमध्ये शिकवते आणि दुपारी इथे प्रयोगशाळेत येऊन बिनपगारी काम करते. मी बहुतेक वेळ खणातच पडून असतो. अंधारात नुसती चुळबुळ. तिचं कसं व्हायचं, या विचाराने माझे आकडे मिटत नाहीत.

गेल्या आठवड्यात रखमाबाई जिने चढून धापा टाकत आल्या. हातात भरलेला फॉर्म.

"माझाही घे. यांचं ऐकून ऐकून चार गाथा मलाही येतात."

"काकी, अहो, अशी घाई काय आहे?"

"घाई नाही गं. पण या खेपेला तुझा वेळ जायचा नाही. मी गेले की दार लावून बसणारं कोण आहे माझं? शेजारीणच लगेच फोन करील तुला."

नम्रताने फॉर्म घेतला, माझ्यात नवी बॅटरी घातली आणि मला पुन्हा गळ्यात अडकवलं.

माणसांनो, आयुष्यभर मी तुम्हाला 'चला, चला' केलं. पण रखमाबाई, तुमच्यापुरतं सांगतो. खुशाल वेळ लावा. अजून पुष्कळ गाथा पाठ करा. मी थांबतो.