डाव्या हातावरचा देव

२ फेब्रुवारी १९५९, सोमवार. सकाळी सव्वानऊ वाजता हैबतरावांचे घड्याळ मुळशीच्या भैरोबाच्या देवळाकडे निघाले. पुढे गेणबा गुरव, त्याच्या हातात ताम्हन, ताम्हनात घड्याळ. मागे हलगी. सर्वांत शेवटी हैबतराव, तेही अनवाणी, कारण देवामागून पायताण घालून चालता येत नाही.

वस्तू खिशात बाळगायच्या, हौसेने सजवून घ्यायच्या आणि चारचौघांत बाहेर काढायच्या, हा हैबतरावांचा शौक सगळ्या मावळाला ठाऊक होता. घडीचे चाकू अकरा. एकाला सांबरशिंगाची मूठ, एकाच्या पात्यावर त्यांचे पूर्ण नाव, आजोबांसकट. त्या पात्याने आजवर काही कापले नव्हते, नाव झिजेल म्हणून. आंबा चिरायचा झाला की ते बायकोकडून, तुळजाबाईंकडून, विळी मागवत. घड्याळे पाच. त्यांतले एकही दुकानातून आले तसे राहिले नव्हते. एकाची साखळी बदललेली, एकाचे काटे सोनेरी केलेले. वेळ मात्र ते एस.टी. आली की सांगत.

भिवाजी पलटणीतून पेन्शन घेऊन येईपर्यंत सगळे सुरळीत होते. भिवाजीच्या चाकूला सात पाती होती, शिवाय पत्र्याचे डबे उघडायचे एक अवजार. गावात पत्र्याचा डबा आला तर वर्षातून एकदा, पण अवजार बघायला माणसे रोज जमत. त्याच्या घड्याळाचे आकडे तर अंधारात चमकत. लोक दिवसाढवळ्या डोक्यावरून घोंगडे घेऊन आत ते बघत बसत, एका वेळी दोघे. हैबतरावांच्या अकरा चाकूंकडे पंधरा दिवस कुणी वळून पाहिले नाही.

तेव्हा त्यांनी आपले सर्वांत चांगले विलायती मनगटी घड्याळ आणि आंबेमोहोराचे एक पोते घेऊन पुणे गाठले. रविवार पेठेतल्या कारागिराने तबकडीवरचे कंपनीचे नाव खरवडून काढले आणि तिथे भैरोबा रंगवला. घड्याळाचे काटे हेच देवाचे हात. लहान काट्याला डमरू, मोठ्याला त्रिशूळ. गणपती काढू का, त्याची मला सवय आहे, असे कारागीर म्हणाला होता. हैबतरावांना गावचाच देव हवा होता.

रविवारी, देवाच्या वारी, त्यांनी पारावर बसून बाही वर केली. भिवाजीभोवतीची माणसे उठून इकडे आली. घोंगडे रिकामे पडले. भिवाजीही आला, त्याने निरखून पाहिले आणि विचारले की, यात अंधारात वेळ दिसते का.

"तुझं घड्याळ हाय, भिवाजी," हैबतराव म्हणाले. "ह्यो देव हाय."

भिवाजीने सावकाश विडी पेटवली.

"मंग देव डाव्या हाताला का बांदलाय?"

पारावर कुणी हसले नाही. गोष्ट हसण्याच्या पलीकडे गेली होती. डावा हात कशासाठी असतो हे सगळ्यांना माहीत. हैबतरावांनी तिथल्या तिथे घड्याळ उजव्या हाताला बांधले. दुपारी ते जेवायला बसले, तर तुळजाबाईंनी ताट मागे ओढले. उजव्या हाताने भात कालवायचा आणि देव खरकटा करायचा, हे त्यांच्या घरात चालणार नव्हते. खिशात ठेवावे तर खिशात तंबाखू. संध्याकाळी घड्याळ देव्हाऱ्यात गेले. सोमवारी उजाडताच शेजारणी हळदकुंकू घेऊन आल्या, आणि थोडे कुंकू चावीच्या खाचेत शिरले.

नऊला गेणबा गुरव आला. घरचे देव घरात, गावचा देव गावाचा, एवढेच त्याचे म्हणणे. हे नुसते चित्र आहे, खाली यंत्र आहे, यंत्रात चाके आहेत, हे हैबतरावांनी तीनदा सांगितले. काल पारावर तुम्ही काय म्हणालात, हे गेणबाने एकदाच विचारले. मग त्याने देव्हाऱ्यात डोकावून पाहिले. सव्वानऊ झाले होते. भैरोबाचे दोन्ही हात लांब पसरलेले होते.

"न्या म्हंतोय," गेणबा म्हणाला.

चार घड्याळे उरली, पण हैबतरावांना हेच परत हवे होते. मंगळवारी त्यांना उपाय सुचला. अर्ध्या तासासाठी घड्याळ मागून आणायचे आणि बारीक पात्याच्या चाकूने तबकडी खरवडायची. देव गेला की उरलेले घड्याळ आपोआप आपले. अकरा चाकूंपैकी एकाला प्रथमच काम मिळणार होते. ते पाते पुसत असताना तुळजाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"देवाला सुरी लावायची आसंल तर लावा. मी ताम्हिनीला भावाकडं जाते. तितं कुनाकडं घड्याळच न्हाई."

चाकूची घडी झाली.

देवळात गेणबा दोन्ही आरत्यांना घड्याळाला चावी देतो, चावी पुरती भरली तरी आरती संपेपर्यंत पिळत राहतो. घड्याळ आता पंचवीस मिनिटे पुढे आहे, आणि त्याबरोबर आरतीही. भिवाजी रोज सकाळी येऊन आपले घड्याळ देवाच्या वेळेवर लावतो आणि हैबतरावांच्या दारावरून जाताना, कुणी न विचारता, किती वाजले ते सांगतो.

रविवारी, ८ फेब्रुवारीला, हैबतरावांनी देवाला कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक कळी चिकटवायची. उजवी पडली तर घड्याळ घरी जायचे, डावी पडली तर कायमचे देवाचे. कळ्या गेणबाने लावल्या. त्याने नुसते पाणी वापरले की आणखी काही, याबद्दल गावात दुमत आहे.

हैबतराव तेव्हापासून गाभाऱ्यासमोर बसून आहेत. गुरुवारी, १२ तारखेला, संध्याकाळच्या आरतीपर्यंत दोन्ही कळ्या सुकल्या होत्या. पडली एकही नव्हती.