डाव्या हातातला झेंडा

"हे ते नाईत," इंदूबाई म्हणाली आणि अंगाखालचं पोतं झटकून उभी राहिली.

सिनेमा संपून पडदा नुकताच कोरा झाला होता. त्याच्या मागच्या बाजूला बसलेली बौद्धपुऱ्यातली पंचवीस-तीस माणसं पाय मोकळे करत होती. तिचा दीर देवमन मात्र बसूनच होता. त्याने कपाळाला हात लावला.

"वयनी, मी सोता अकोल्यात पाह्यलं. दादाच व्हय तो. मोर्च्याच्या पुढं, झेंडा घेऊन."

"नवऱ्याले मी ओयखत नाई काय? त्या माणसानं उजव्या हातात झेंडा धरला हाय. यायले उजव्या हातानं साधी बिडी धरता येत नव्हती."

हे खोटं नव्हतं. तिच्या नवऱ्याच्या, पुंजाजीच्या, उजव्या हाताची तीन बोटं गावचे मालक भगवंतराव यांच्या कापसाच्या जिनात गेली होती आणि तेव्हापासून तो सगळं डाव्या हाताने करी. दोन वर्षांपूर्वी भूमिहीनांच्या सत्याग्रहात तो अकोल्याला गेला, बारा दिवस तुरुंगात राहून हसत परत आला आणि पुढच्याच आखाडात तापाने गेला. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. फोटो काढायचा तर अकोल्याला जावं लागे, आणि अकोल्याला जाऊन हा गृहस्थ तुरुंग पाहून आला, स्टुडिओ नाही.

अलीकडे इंदूबाईला त्याचा चेहरा नीट आठवेनासा झाला होता. आवाज आठवे, चाल आठवे, पण डोळे मिटले की तोंडाच्या जागी काहीच येत नसे. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. तिला त्याची लाज वाटे. सिनेमात दादा दिसतो, असं देवमन सांगत आला तेव्हापासून ती हा सिनेमा गावात यायची वाट पाहत होती.

चिंतामण मास्तर पडद्याची दोरी सोडायला मागे आला, तेव्हा हा वाद त्याच्या कानावर पडला. तो अकोल्याच्या जठारपेठेतला, शाळेत शिकवणारा. सुट्टीच्या दिवशी उसन्या आणलेल्या जीपमध्ये सिनेमाचं यंत्र घालून गावोगाव हिंडायचा आणि लाठी न उगारता हक्क कसा मागावा, याचे सिनेमे दाखवायचा. भूमिहीनांच्या सत्याग्रहाचा हा मुका सिनेमा, हेच काम करणाऱ्या त्याच्या मंडळातल्याच एकाने काढलेला.

"बाई," तो म्हणाला, "इकडून पाहिलं की डावं ते उजवं दिसतं. ही पडद्याची मागची बाजू आहे."

"आमी तं दरसाल इकूनच पायतो," देवमन म्हणाला.

तेही खरंच होतं. सरकारी गाडी सिनेमा दाखवायला येऊ लागली तेव्हापासून बौद्धपुरा पडद्यामागेच बसत आला होता. मागून चित्र अंधुक दिसे, हाताची बोटंही मोजता येत नसत, आणि पडद्यावरच्या पाट्या वाचता येत नसत. त्या इंग्रजीत असतील, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

चिंतामणचे कान तापले. सिनेमाआधी तो पडद्यासमोर उभा राहून समतेवर चांगला पाव तास बोलला होता, आणि ही माणसं तेवढा वेळ त्याच्या पाठीशी बसली होती. कोण कुठे बसतं हे विचारायचं त्याला सुचलंही नव्हतं.

"मास्तर, एक डाव अजून लावता काय?" इंदूबाईने विचारलं.

"लावतो. पण..." त्याने पडद्याच्या पलीकडे पाहिलं.

तिने पोतं काखेत मारलं.

"वयनी, कुठं चालली? काहून उगाच आग्यामोहोळ उठवतं?"

"मले माहा माणूस पाहाचा हाय," ती म्हणाली आणि पडद्याच्या बांबूला वळसा घालून पुढे गेली.

पुढच्या बाजूला सतरंज्यांवर गाव बसलं होतं आणि मधोमध खुर्चीवर भगवंतराव होते. खुर्ची आणि पडदा यांच्यामध्ये उघडी जमीन होती. इंदूबाईने तिथे पोतं अंथरलं आणि बसली.

भगवंतरावांनी उभ्या जन्मात आवाज चढवला नव्हता. तशी वेळच त्यांच्यावर कधी आली नव्हती.

"इंदूबाई, तिकून साजरं दिसते ना?"

"तिकून उलटं दिसते, मालक."

"गावची रीत हाय, बाई. कोणी तुमाले जबरदस्तीनं तिकडं बसवलं काय?"

"नाई. मंग आता जबरदस्तीनं कोणी उठवू बी नका."

"घ्या! सिनेमा संपला नाई तं सत्याग्रह सुरू!" मागून कोणीतरी म्हणालं आणि थोडं हसू पिकलं. इंदूबाई हसली नाही. तिने पदर सारखा केला आणि पडद्याकडे तोंड केलं.

चिंतामण यंत्राकडे गेला. दोनदा फिल्म त्याच्या दातऱ्यांवरून निसटली. मग यंत्र घरघरू लागलं आणि पडदा उजळला. त्याला थांबवायला कोणी आलं नाही.

अकोल्याचा रस्ता आला. डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बाया आल्या, रांगेत उभे राहिलेले पोलीस आले आणि त्यांच्यासमोर शांतपणे खाली बसणारी माणसं आली. मग पडद्याच्या कडेने पुंजाजी आत आला. झेंडा डाव्या हातात होता. कॅमेरा दिसताच त्याने उजवा हात वर केला, दोन बोटांचा, आणि उन्हाने डोळे बारीक करून तो सरळ पुढे बघून हसला. समोरचा एक दात किडलेला. तो दात इंदूबाई पार विसरून गेली होती.

"हेच," ती म्हणाली. "हेच व्हयत, बाप्पा."

पुंजाजी निघून गेला, तरी ती त्या जागेकडे बघत राहिली. मग मागे वळली. डोळे पुसायच्या भानगडीत ती पडली नाही.

"मालक, पाह्यले?"

"पाह्यले," भगवंतराव म्हणाले.

"मंघाशी बी दिसले असतीन. इकून तं सुलटंच दिसते."

भगवंतरावांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसू लागले. मघाशी पुंजाजी पडद्यावर आला नेमका तेव्हाही त्यांनी चष्मा पुसायला काढला होता, हे चिंतामणला आठवलं. पुसून झाल्यावर त्यांनी तो डोळ्यांवर चढवला नाही, हातातच धरून ठेवला.

रीळ संपलं. पडद्याच्या पलीकडून देवमनची हाक आली.

"वयनी! दादाच होता ना?"

"तिकून काय इचारतं?" इंदूबाई ओरडली. "इकडं येऊन पाय. साऱ्यायले घेऊन ये."

चिंतामणने भगवंतरावांकडे पाहिलं, मग काही न विचारता रीळ पुन्हा उलटं गुंडाळायला घेतलं. इंदूबाई थोडी सरकली आणि तिने पोत्यावर शेजारी जागा केली.